सच्छिद्र भिंतींवरील बुरशी : कोकणातील घरांच्या संदर्भात

कोकणातील जुन्या घरात ज्याने एखादा पावसाळा काढला आहे त्याला भिंतीवर उमटणाऱ्या करड्या, हिरवट व काळसर ठिपक्यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. प्रथम ते कपाटामागे दिसतात, मग खोलीच्या कोपऱ्यांत, आणि श्रावण सरता सरता एखादी भिंत जोत्यापासून कमरेइतक्या उंचीपर्यंत डागाळून जाते. फडक्याने पुसले असता ठिपके जातात व आठ-पंधरा दिवसांत त्याच जागी पुन्हा उगवतात. मग घरधनी बाजारातून बुरशीनाशक द्रव आणतो, रंगारी त्यावर रंगाचा एक हात देतो, आणि पुढल्या आषाढात सर्व पूर्ववत् होते. असे वर्षानुवर्षे घडते, कारण उपाय बुरशीवर होतो. पण ती ज्यांच्या बळावर जगते ते पृष्ठभागातील पाणी व त्या पृष्ठभागाचा रासायनिक स्वभाव, या दोहोंकडे कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखात याच दोन गोष्टींचा विचार करावयाचा आहे.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र व सर्वकाळ असतात. त्यांचा आकार बहुधा मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतका असल्याने ते डोळ्यांस दिसत नाहीत आणि कोणतीही खिडकी बंद करून त्यांना घराबाहेर ठेवता येत नाही. बीजाणू ओलसर पृष्ठभागावर पडला म्हणजे त्यातून सूक्ष्म तंतू फुटतात. काचेवर वा चिनी मातीच्या लादीवर हे तंतू केवळ पृष्ठभागावर पसरतात, आणि म्हणून तेथील बुरशी साबणाच्या पाण्याने निघून जाते. गिलावा, जांभा, वीट, लाकूड यांची गोष्ट निराळी. त्यांच्या अंगात रंध्रांचे जाळे असते. त्यांपैकी मोठ्या रंध्रांतून तंतू आत शिरतात, आणि पुसणारा हात वरचे बीजाणूंचे पीक तेवढे काढतो. मुळे जमिनीत राहू देऊन गवत कापावे तसा हा प्रकार होय. जांभ्याची छिद्रे तर नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतकी मोठी असतात.

मग विष अधिक तीव्र करावे, असे सहजच मनात येते. या विचाराची मर्यादा दाखविणारे एक उदाहरण रसायनशास्त्राच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात भिंतींना चिकटविण्याच्या रंगीत कागदांत आर्सेनिकयुक्त हिरवे रंग सर्रास वापरले जात. आर्सेनिकापेक्षा भयंकर विष भिंतीला कोण लावणार? तथापि दमट खोल्यांत त्या कागदांवरही बुरशी येई, आणि खोलीत लसणीसारखा दर्प सुटे. बार्तोलोमेओ गोझिओ या इटालियन वैद्यकशास्त्रज्ञाने १८९० नंतरच्या दशकात असे दाखवून दिले की, काही बुरशी आर्सेनिकाच्या संयुगांवर वाढतात इतकेच नव्हे, तर त्यांचे वायूत रूपांतर करतात. हा वायू ट्रायमिथिल आर्सिन होय, हे फ्रेडरिक चॅलेंजर यांनी १९३२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये सिद्ध केले. त्या खोल्यांतील माणसांच्या आजारास तो वायूच कितपत कारण होता, याविषयी पुढे मतभेद झाले. परंतु भिंत ओली असेल तर बुरशी विषालाही पुरून उरते, एवढी गोष्ट त्यातून निर्विवाद दिसते.

बुरशीला पाणी किती लागते? येथे एक सामान्य गैरसमज दूर करणे अवश्य आहे. भिंत हातास ओली लागली तरच बुरशी येते असे नाही. पृष्ठभागास लागून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता काही काळ ८० टक्क्यांच्या आसपास राहिली, तर अनेक सामान्य बुरशींना ती पुरते. ॲस्परजिलसच्या काही जाती तर ७५ टक्क्यांच्या आसपासही तग धरतात. उलट स्टॅकिबॉट्रिससारखी काळी बुरशी ९० टक्क्यांच्या वर, म्हणजे जवळजवळ भिजलेल्या द्रव्यावरच वाढते. तेव्हा कोणती बुरशी आली यावरूनही भिंतीच्या ओलीचा अजमास करता येतो. द्रव्याच्या वजनातील पाण्याचे प्रमाण हे मात्र फसवे माप आहे. ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवलेले लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी धरते, तर भाजलेली वीट त्याच हवेत जेमतेम एक टक्का. म्हणून ज्या टक्केवारीस लाकूड केवळ संशयास्पद मानावे त्या टक्केवारीस वीट पुरी भिजलेली असते. लाकडाकरिता आखलेले आर्द्रतामापक यंत्र भिंतीला लावून त्यावरील आकडा प्रमाण मानणारे कारागीर आढळतात. त्या आकड्याचा उपयोग एका जागेची दुसऱ्या जागेशी तुलना करण्यापुरताच.

आता कोकणाकडे वळू. जुलै-ऑगस्टमध्ये किनारपट्टीवरील बाहेरच्या हवेचीच आर्द्रता बहुधा ८५ टक्क्यांच्या घरात असते. याचा अर्थ, छप्पर गळत नसले व पाया कोरडा असला तरीही घरातील प्रत्येक सच्छिद्र वस्तू त्या दोन महिन्यांत बुरशीच्या मर्यादेपलीकडे गेलेली असते. चामड्याच्या वहाणा, पुस्तकांच्या बांधण्या, देव्हाऱ्याचे लाकूड यांवर येणारी बुरशी ही याच कारणाने येते. थंड देशांतील पुस्तके ‘खिडक्या उघडा, हवा खेळू द्या’ असा उपदेश करतात. तेथील हिवाळ्यातली बाहेरची हवा गार व बाष्पाने रिकामी असते, म्हणून तो उपदेश तेथे खरा आहे. कोकणातल्या आषाढात खिडकी उघडली तर ओली हवाच आत येते. पाऊस उघडून ऊन पडले त्या प्रहरापुरता खिडकी उघडण्याचा उपयोग; एरवी पंख्याने हवा हलती ठेवणे व कपाटे भिंतीपासून वीतभर दूर सरकविणे, एवढेच हाती उरते.

हवेतील या ओलीखेरीज भिंतीत पाणी येण्याच्या वाटा म्हणजे वरून होणारी गळती, बाहेरून बसणारी पावसाची झड, आणि जमिनीतून वर चढणारी ओल. यांपैकी शेवटचीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. अरुंद नळीत पाणी आपोआप वर चढते. नळी जितकी अरुंद तितके ते उंच चढते. रंध्राची त्रिज्या मिलिमीटरचा दहावा भाग असेल तर पाणी सुमारे १५ सेंटीमीटर चढेल, शंभरावा भाग असेल तर सुमारे दीड मीटर. विटेतील व गिलाव्यातील पुष्कळ रंध्रे याहूनही बारीक असतात. पाणी छपरापर्यंत पोहोचत नाही ते केवळ वाटेत त्याचे बाष्पीभवन होत असते म्हणून. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढे सांगावयाचे बरेचसे आपोआप उलगडेल : भिंतीला ज्या मार्गाने श्वास सोडता येतो तो बंद केला की ओल वरचा मार्ग धरते.

ओल हवेतून आली की भिंतीतून, हे ठरविण्याचा एक साधा प्रयोग आहे. हातभर लांबरुंद प्लास्टिकचा स्वच्छ कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा व एक-दोन दिवसांनी पाहावा. खोलीकडील बाजूस दव जमले असेल तर दोष हवेचा. कागदाखाली, भिंतीकडील बाजूस ओल साठली असेल तर पाणी भिंतीतून येत आहे. त्याचप्रमाणे पांढरी लव दिसली म्हणजे ती बुरशीच असे समजू नये. भिंतीला लागलेला लोणा, म्हणजे पाण्याबरोबर वर येऊन स्फटिकरूप झालेले क्षार, दुरून तसाच दिसतो. पाण्याचा थेंब टाकला असता लोण्यातील बहुतेक क्षार विरघळून जातात. बुरशीची लव चेपते, पण नाहीशी होत नाही. कित्येकदा दोन्ही एकाच भिंतीवर असतात : खाली लोणा, त्यावर बुरशी.

ज्या प्रदेशात चार महिने भिंत कोरडी राखणेच अशक्य, तेथे जुन्या लोकांनी काय केले? त्यांनी पावसाची झड भिंतीवर येऊ दिली नाही आणि पृष्ठभाग चुन्याचा ठेवला. उंच जोते, पडव्या, पुढे ओढलेली वळचण, पावसाच्या तोंडच्या बाजूस बांधलेली माडाच्या झावळांची झापे या सर्वांचे प्रयोजन पहिल्या गोष्टीत आहे. दुसरीचे मर्म रासायनिक होय. ताज्या चुन्याचा सामू सुमारे १२.४ असतो, आणि बहुतेक बुरशी १० च्या पलीकडील सामूमध्ये वाढू शकत नाहीत. ओली असूनही ती भिंत बुरशीला नापीक ठरते. शिवाय निव्वळ चुना हे खनिज द्रव्य आहे. त्यात बुरशीला खाण्यासारखे काही नाही, आणि त्याच्या थरातून बाष्प सहज बाहेर पडते.

मात्र चुन्याची ही तीव्रता चिरकाल टिकत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या योगाने त्याचा पुन्हा चुनखडीसारखा कार्बोनेट बनतो आणि सामू ८-९ पर्यंत उतरतो. सफेदीच्या पातळ थरात हे काही आठवड्यांत वा महिन्यांत घडते. आपल्याकडे सफेदीचा काळ दिवाळीपूर्वीचा. सणाच्या दृष्टीने व गतपावसाळ्यातील डाग नाहीसे करण्याच्या दृष्टीने तो योग्यच. परंतु त्या सफेदीत जूनपर्यंत बुरशीला रोखणारी शक्ती फारशी उरत नाही. केवळ बुरशीचाच विचार केला, तर वैशाखात, पाऊस सुरू होण्याच्या तीन-चार आठवडे आधी दिलेला हात अधिक गुणकारी ठरावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सफेदीत डिंक वा सरस मिसळण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. त्याने चुना हाताला लागत नाही हे खरे. पण चुन्याची तीव्रता ओसरल्यावर तोच सरस बुरशीचे अन्न बनतो.

याच्या उलट टोकास आजची रीत आहे. प्रस्तुत लेखकाने रत्नागिरी जिल्ह्यात एक जांभ्याच्या चिऱ्यांचे घर पाहिले. त्याचा जुना चुन्याचा गिलावा पोपडे धरू लागला म्हणून काढून टाकण्यात आला. बाहेरून व आतून सिमेंटचा गिलावा, आणि आतून माजघराला चकचकीत तैलरंग. पहिल्या वर्षी घर पाहण्यासारखे झाले. दुसऱ्या पावसाळ्यात, पूर्वी ज्या भिंतीवर ओल गुडघ्याइतकीच दिसे तेथे ती छातीपर्यंत चढली. रंगाला फोड आले, आणि फोडांखालच्या पोकळीत काळी बुरशी निघाली. मालकांनी दोष रंगाला दिला आणि अधिक महाग रंग आणला. वस्तुतः दोष रंगाच्या प्रतीचा नव्हता. सिमेंटचा गिलावा चुन्याहून घट्ट असतो व त्यातून बाष्प सावकाश जाते. त्यावर तैलरंगाचा पडदा आला म्हणजे भिंतीने आत घेतलेले पाणी बाहेर पडण्यास वाट उरत नाही. सिमेंटला बारीक तडे मात्र जातात, आणि झडीचे पाणी त्यांतून आत शिरते. आत येण्यास वाट आहे, बाहेर जाण्यास नाही, अशी ती स्थिती होय. पाण्यात मिसळून लावण्याच्या आधुनिक रंगांतही दाटपणासाठी सेल्युलोजपासून केलेली द्रव्ये घातलेली असतात. उत्पादक त्यांबरोबर बुरशीनाशकही घालतात. ते काही वर्षांत धुपून जाते आणि अन्न तेवढे शिल्लक राहते.

यावरून गिलावाच नको, जांभा उघडाच बरा, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोही चुकेल. जुने गोवे येथील बासिलिका ऑफ बॉम जेझस हे १६०५ मध्ये अभिषिक्त झालेले मंदिर जांभ्याचे असून मूळचे चुन्याच्या गिलाव्याने झाकलेले होते. विसाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज अमदानीत, तो बाहेरील गिलावा काढून टाकण्यात आला. दगडाच्या त्या तांबड्या रूपाची आता लोकांना इतकी सवय झाली आहे की तेच मूळ रूप वाटते. परंतु उघडा पडलेला जांभा दर पावसाळ्यात पाणी पितो, त्यावर शेवाळ व बुरशी येते व दगड झिजतो, आणि म्हणूनच पुन्हा चुन्याचा गिलावा करावा की काय याविषयी तेथे वाद चालू आहे. चुन्याचा गिलावा हा स्वतः झिजून आतील दगड वाचविणारा थर आहे. पोपडे धरणे हा त्याचा दोष मानून आपण त्याला काढतो. खरे पाहता ते त्याचे काम आहे. जेथे पोपडा सुटला तेथे, प्रथम ओलीचे कारण शोधून, तेवढाच भाग चुन्याने पुन्हा करणे हे शहाणपणाचे होय.

शहरातील घरांत आणखी एक नवी वाट उघडली आहे. पावसाळ्यातील २८ अंश सेल्सियस व ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम बाष्प असते. २५ अंशांवर हवा जास्तीत जास्त एवढेच बाष्प धरू शकते. म्हणजे या हवेस २५ अंशांहून थंड पृष्ठभाग भेटला की त्यावर दव पडलेच पाहिजे. आता एका खोलीत वातानुकूलन यंत्राने २२ अंश तापमान राखले आहे, आणि शेजारची खोली उघडी आहे असे समजा. मधली भिंत चार इंची विटेची असेल तर तिच्या शेजारच्या खोलीकडील पृष्ठभागाचे तापमान हिशेबाने सुमारे २६ अंश येते. तेथील आर्द्रता ९५ टक्क्यांच्या जवळ जाते. दव नाही, पण बुरशीला हवे तेवढे सर्व आहे. त्याच भिंतीला टेकून कपड्यांचे कपाट असेल, तर खोलीची ऊब तेथे पोहोचत नाही, पृष्ठभाग आणखी थंड होतो व प्रत्यक्ष पाणी सुटते. बुरशी नेहमी कपाटामागेच का, आणि यंत्र नसलेल्या खोलीतच का, याचे कोडे पडलेल्या गृहस्थांना हे उत्तर सहसा पटत नाही. यंत्राचे तापमान २६ अंशांवर ठेवून पाहावे, म्हणजे पटेल.

बुरशी आलीच तर काढावी कशी? प्रथम पाणी थांबवावे. त्यावाचून पुढचे सर्व श्रम फुकट होत. लहान डाग असेल तर साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने घासून काढावा. कोरड्या कुंच्याने झाडू नये, कारण त्यायोगे बीजाणू घरभर उडतात. नाकातोंडास दाट मुखपट्टी व हातांत रबरी मोजे असावेत, आणि दम्याच्या रोग्याने हे काम अंगावर घेऊ नये. विरंजक द्रवाविषयी लोकांची श्रद्धा मोठी आहे. गुळगुळीत लादीवर ती सार्थ आहे. सच्छिद्र गिलाव्यावर मात्र त्यातील क्लोरीनची शक्ती वरच्या थरातच खर्च होते व द्रवातील पाणी तेवढे आत मुरते. डाग पांढरा झाला म्हणून बुरशी गेली असे नव्हे. हा द्रव आम्लात किंवा अमोनियायुक्त पदार्थात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतात. आणखी असे की, मेलेल्या बीजाणूंपासूनही श्वासाचे विकार चाळवू शकतात. म्हणून बुरशी मारण्यापेक्षा ती काढून टाकणे महत्त्वाचे.

काही द्रव्ये मात्र साफ करण्याच्या भरीस पडू नये. छताला लावलेले जिप्सम बोर्ड, दाबलेल्या भुशाच्या फळ्या, भिंतीला चिकटविलेला कागद हे एकदा आतून बुरशीले की काढून टाकणे हाच उपाय. जिप्सम खनिज आहे. परंतु बोर्डाच्या दोन्ही अंगांस कागद असतो, आणि ओला कागद हे स्टॅकिबॉट्रिसचे आवडते स्थान. १८३७ मध्ये कोर्दा याने या बुरशीचे पहिले वर्णन केले तेही प्रागमधील एका घराच्या भिंतीवरील कागदावरूनच. विटेची वा जांभ्याची भिंत काढून टाकता येत नाही व काढण्याची गरजही नसते. खराब गिलावा खरवडून, भिंत उघडी वाळू देऊन, पुन्हा चुना करावा.

‘काळी बुरशी’ या नावाने उत्पन्न झालेल्या भीतीविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे जे रोगी आढळले त्यांच्या रोगास हेच नाव पडले होते. त्या रोगाची बुरशी निराळ्या वर्गातील आहे, आणि काळेपणा तिचा नसून तिच्यामुळे मृत झालेल्या ऊतींचा असतो. भिंतीवरील काळ्या डागाशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु म्हणून डाग निरुपद्रवी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, ओलसर व बुरशीयुक्त घरांत राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी व दमा अधिक आढळतो हे मान्य केले असून, बीजाणूंची अमुक संख्या सुरक्षित असे सांगता येत नाही, असेही म्हटले आहे. सबब हवेतील बीजाणू मोजून घेण्यावर पैसा घालविण्यापेक्षा तो कौले सारखी करण्यावर खर्चावा. ज्या खोलीत लहान मूल किंवा दमेकरी निजतो ती प्रथम दुरुस्त करावी. पाहुण्यांना दिसणारी ओटी मागाहून.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या भिंतींचा प्रश्न सर्वांत बिकट. भिजलेले द्रव्य २४ ते ४८ तासांत वाळविल्यास बहुधा बुरशी येत नाही, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. गादी-पडद्यांना हे ठीक. विटेच्या भिंतीला कसे लागू व्हावे? भारतीय मानकानुसार सामान्य विटेने २४ तासांत आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषलेले चालते. १५ टक्के धरले तरी नऊ इंची भिंतीच्या एका चौरस मीटरमध्ये सुमारे ६० लिटर पाणी मावते. शिवाय वाळण्यास लागणारा काळ जाडीबरोबर नव्हे, तर साधारणतः जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; दुप्पट जाड भिंतीस चौपट काळ. जुलै २०२१ मध्ये चिपळूण शहर पाण्याखाली गेले, आणि गणेशचतुर्थी आली १० सप्टेंबरला, म्हणजे पन्नास दिवसांनी. सणाला घर रंगविलेले असावे ही भावना कोणालाही समजण्यासारखी आहे. पण त्या पन्नास दिवसांत भिंतीतील पाणी बाहेर पडणे शक्य नव्हते. अशा वेळी भिंतीवरील चिखल धुवून काढावा, पुराच्या रेषेच्या वर हातभर उंचीपर्यंत फुगलेला गिलावा दोन्ही बाजूंनी खरवडावा, फर्निचर दूर करावे, आणि सणापुरता चुन्याचा पातळ हात द्यावा. तैलरंग, सिमेंटचा गिलावा व भिंतीला चिकटणाऱ्या लाद्या यांना मात्र एक पुरा हिवाळा व उन्हाळा उलटेपर्यंत हात लावू नये. त्यानंतर मे महिन्यात वर सांगितलेला प्लास्टिकच्या कागदाचा प्रयोग करावा, आणि कागदाखाली ओल न दिसल्यास मगच गिलावा करणाऱ्यास बोलवावे.